आम्ही विमान घेतो

"विमान घेणार? आणि ठेवणार कुठं? गॅरेजमध्ये माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत. त्या मी हलवणार नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

विमान घेण्याचा मनोदय मी जाहीर केला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी काढलेले हे पहिले उद्गार. त्यात नकार नव्हता, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तीस वर्षांच्या संसारात मी एवढे शिकलो आहे की, जागेचा प्रश्न निघाला म्हणजे मूळ प्रश्न निम्मा सुटला.

'विमान घेणे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा कोट्यधीश उभा राहतो. माझाही समज तसाच होता. पण मी राहतो अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहराजवळ. १९०३ साली किटी हॉकच्या वाळूवर विमान उडवणारे राइट बंधू याच गावचे सायकलवाले. या भागात लहानसहान गावांनाही धावपट्ट्या आहेत आणि तिथे दोरांनी जमिनीशी बांधून ठेवलेली चिमुकली विमाने दिसतात. त्यांचे मालक शाळामास्तर, शेतकरी, नळदुरुस्ती करणारे असे साधे लोक. विमानेही त्यांच्यासारखीच, कितीतरी पन्नास-पन्नास वर्षांची. जुन्या दोन आसनी विमानाची किंमत नव्या बऱ्यापैकी मोटारीएवढी. म्हणजे सहज परवडावी अशी नव्हे, पण माणसाची झोप उडावी एवढी जवळची खरी.

जुहूचे वेड

हे वेड डोक्यात शिरले त्याची तारीख मला पाठ आहे. १५ ऑक्टोबर १९८२. त्याआधी बरोबर पन्नास वर्षे, १९३२ साली, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन 'पुस मॉथ' नावाचे एका इंजिनाचे विमान जुहूला आणले होते. त्या उड्डाणाची आठवण म्हणून वयाच्या ७८व्या वर्षी ते पुन्हा कराचीहून 'लेपर्ड मॉथ' चालवत जुहूला उतरले.

माझे वडील टपाल खात्यात कारकून. टपालाचे विमान म्हणजे त्यांना घरचेच कार्य! अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते मला, चौदा वर्षांच्या पोराला, पार्ल्याहून चालत जुहूला घेऊन गेले. कुंपणाबाहेरच्या गर्दीत मला दिसले ते फार थोडे. वाऱ्यावर किंचित डुलत खाली येणारे दोन पंख, आणि माणसांच्या डोक्यांवरून क्षणभर सरकलेली शेपटी. परतताना वडील म्हणाले, "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे. पण बघायला काही पैसे पडत नाहीत."

त्यानंतर चाळीस वर्षे मी नुसते बघितले. नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या कॉलेजच्या फिया. मुलगी बोस्टनला लागली, मुलगा सिएटलला, आणि एका शनिवारी मी जवळच्या धावपट्टीवर जाऊन नाव घातले. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी कायद्याने किमान ४० तासांचे उड्डाण लागते. मला ७१ लागले. शिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता आणि मला 'सर' म्हणत असे. मात्र लँडिंगच्या वेळी ते 'सर' थोडे मोठ्याने येई.

पंख वर की खाली?

परवाना मिळाला आणि भाड्याच्या विमानात मन रमेना. हवा छान असली की विमान दुसऱ्याने धरून ठेवलेले, आणि विमान मोकळे असले की पाऊस. तेव्हा आपलेच घ्यावे असे ठरवून मी माहिती काढू लागलो. इतके सल्ले मला लग्नाच्या वेळीही मिळाले नव्हते.

या लोकांत दोन मुख्य पंथ आहेत. एकाचे पंख डोक्यावर, दुसऱ्याचे पायाखाली. 'सेस्ना' विमानांचे पंख वर असतात. त्यामुळे खालचे शेत, नदी, गाव नीट दिसते, उन्हात सावली मिळते, आणि टाकीतले पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे उतरते. 'पायपर चेरोकी'चे पंख खाली. उतरताना ती जमिनीवर अलगद तरंगते आणि वळताना पंख दृष्टीच्या आड येत नाही. पण डाव्या-उजव्या टाक्या आठवणीने बदलाव्या लागतात, आणि दार एकच, तेही उजव्या बाजूला. आधी पंखावर चढायचे, मग वाकून आत उतरायचे. सौभाग्यवतींनी एकदा तो प्रयोग केला आणि गुडघा चोळत निकाल दिला, "यात मी चढले तर उतरणार नाही. मला यातच सासरी नांदवावं लागेल." चेरोकी बाद झाली.

मग 'पायपर कब' या पिवळ्या विमानाने मला मोह घातला. १९४७ पर्यंत ती हजारोंनी तयार झाली. साधी, देखणी, ६५ अश्वशक्तीची. पण तिला स्टार्टर नसतो, पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागते. तिसरे चाक शेपटीखाली, त्यामुळे उतरल्यावरही ती लाडावलेल्या वासरासारखी कुठल्याही क्षणी गर्रकन फिरू पाहते. आणि एकटे उडायचे तर मागच्या सीटवर बसावे लागते. साठीकडे झुकलेल्या माणसाने कुठल्या प्रेमात पडावे याला काही मर्यादा हवी.

दुसरा मोह 'बोनान्झा'चा. उड्डाणानंतर चाके पोटात घेणारे, मोटारीच्या तिपटीने पळणारे विमान. विम्यासाठी चौकशी केली तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझे एकूण तास विचारले. मी सांगितले. त्यावर त्या जे काही थांबल्या, त्यातच मला उत्तर मिळाले. वेगवान विमान वेगाने विचार करणाऱ्यासाठी असते.

राहिली 'सेस्ना १७२'. चार आसनी, दोन दारांची, स्वभावाने गरीब. १९५६ पासून तिची ४४ हजारांहून अधिक विमाने बनली, आणि दुसऱ्या कुठल्याही जातीची एवढी बनलेली नाहीत. १९५८ च्या डिसेंबरात दोघा वैमानिकांनी लास व्हेगासला अशाच एका विमानातून उड्डाण केले आणि ते खाली उतरले १९५९ च्या फेब्रुवारीत! ६४ दिवसांहून अधिक काळ विमान हवेतच. रस्त्यावरून पळणाऱ्या ट्रकमधून दोरीने अन्न आणि नळीने पेट्रोल वर घेत. इतक्या सोशिक विमानाला नावे ठेवायची कशी? नवे घ्यायचे तर मात्र चार लाख डॉलरच्या वर जाते. म्हणून जुनेच बघायचे, हे उघड होते.

"पण एवढं जुनं विमान म्हणजे जिवाशी खेळ नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले. तेव्हा मी तिला जेरी मॉकची गोष्ट सांगितली. आमच्याच ओहायोतल्या कोलंबसची ही ३८ वर्षांची गृहिणी, तीन मुलांची आई. १९६४ साली एकटीने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती जगातली पहिली स्त्री. वाटेत दिल्ली आणि कलकत्त्यालाही उतरली होती. तिचे सेस्ना विमान ११ वर्षांचे जुने होते. विमानाचे वय वर्षांवर नव्हे, निगेवर मोजायचे. दर वर्षी अधिकृत तपासनीसाने ते उघडून पाहून सही केल्याशिवाय कायद्याने ते उडवता येत नाही. सौ.ने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "एकटीच गेली? मग मुलांकडे कोण होतं?"

स्वयंपाकघरातला हिशेब

आमची ही व्यवसायाने हिशेबनीस. एका रविवारी जेवणे झाल्यावर तिने रेघांची वही आणि पेन्सिल घेतली. "आता सांगा. एक एक."

मी सांगू लागलो. जागेचे भाडे. विमा. वार्षिक तपासणी. पेट्रोल, लहान विमानाला तासाला सहा गॅलन, चार आसनी असेल तर आठ. इंजिन साधारण १८०० ते २००० तासांनी पूर्ण उघडून नवे करावे लागते. त्याचा अंदाज मला ३६ हजार डॉलर मिळाला होता. तेव्हा प्रत्येक तासामागे २० डॉलर आजच बाजूला टाकायचे, नाहीतर तो दिवस उजाडेल तेव्हा विमान विकून इंजिन घ्यावे लागेल! जाणते लोक सांगतात, वर्षाला शंभरेक तास उडणार नसाल तर भाड्याचेच स्वस्त. नाहीतर दोघातिघांत भागीदारी करा. सौ.ने सगळे लिहिले, बेरीज केली, आणि तोट्याच्या आकड्यापुढे 'हौस' असा शब्द लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"आता वजनं," मी म्हणालो.

नवखा माणूस इथेच फसतो. विमानाला चार सीट असल्या म्हणजे चार माणसे नेता येतात असे नव्हे. जुन्या १७२ मध्ये माणसे, सामान आणि पेट्रोल मिळून सुमारे ४०० किलो भार चालतो. टाक्या भरल्या की १०० किलो तिथेच गेले. उरले ३००. मी ८२, सौ. ६२ (हा आकडा तिच्या परवानगीने छापला आहे), मुलगा ९२, मुलगी ६०. बेरीज २९६. म्हणजे आमचे कुटुंब मावले, पण बॅग नाही, फराळाचा डबा नाही.

"बसतो की सगळे!" मी आनंदाने म्हणालो.

ती पेन्सिल ठेवून माझ्याकडे पाहू लागली. "मुलं वर्षातून किती वेळा येतात?"

"येतात की."

"दोनदा. गेल्या वर्षी दोघं एकाच वेळी आली का?"

मी गप्प बसलो.

"म्हणजे बाकीचे दिवस मागच्या दोन सीटा रिकाम्या उडवायच्या. आणि त्या रिकाम्या सीटांचं पेट्रोल आपण भरायचं."

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण अंथरूण नुसते पैशाचे नसते. त्यावर निजणारी माणसे किती उरली, तेही पाहावे लागते. मला ते पाहायचे नव्हते. "चार आसनीच घ्यायचं," मी हट्टाने म्हणालो आणि उठलो.

स्थळे पाहिली

जुने विमान पाहायला जाणे म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहायला जाणे. रंगरूपावर भाळायचे नाही. आधी पत्रिका मागायची. विमानाची पत्रिका म्हणजे त्याच्या नोंदवह्या. पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक उड्डाणतास, प्रत्येक दुरुस्ती, सरकारने काढलेले सुधारणेचे आदेश पाळले की नाहीत, सारे त्यात असते. कधी आदळले असेल तर तो मंगळही त्यातच सापडतो. एखादी वही 'हरवली' असे सांगितले की तेथून नमस्कार करून उठावे. मालकीचा सातबारा ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी दप्तरात असतो, तिथे विमानावर कुणाचे कर्ज नाही ना, तेही पाहून घ्यावे. आणि तपासायला मेकॅनिक न्यायचा तो आपला, विकणाऱ्याचा नव्हे.

पाचवे स्थळ पाहिले आणि मी विरघळलो. शेजारच्या इंडियाना राज्यातले चार आसनी विमान, आरशासारखा रंग, आतली बैठक कोरी. मालक ऐंशीच्या घरातले. डॉक्टरांनी उड्डाण बंद केले होते. उजव्या सीटवर पत्नीचा हेडफोन अजून टांगलेला होता. तीही आता नव्हती.

माझ्या मेकॅनिकने रंगाकडे पाहिलेही नाही. त्याने वही उघडली आणि बोट ठेवले. सहा वर्षांत उड्डाण फक्त ११ तास.

"पण इंजिन मी कधी थंड पडू दिलं नाही," म्हातारबाबा म्हणाले. "दर रविवारी येतो. दहा मिनिटं सुरू करतो."

मेकॅनिकने तेलाचा फिल्टर कापला, त्यातला कागद उलगडला आणि खिशातले चुंबक फिरवले. चुंबकाला बारीक चकचकीत केस उभे राहिले. लोखंडाचा कीस! मग मालकांच्या संमतीने एक सिलिंडर उतरवला आणि टॉर्च माझ्या हाती दिला. आतल्या कॅमशाफ्टवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

कारण त्याने नंतर मला बाजूला घेऊन समजावले. पेट्रोल जळते तेव्हा पाण्याची वाफ होते, आणि तिच्यातली काही इंजिनाच्या पोटात उतरते. विमान तासभर उडाले की तेल चांगले तापते आणि ते पाणी उडून जाते. जमिनीवर दहा मिनिटे चालवले तर पाणी तयार होते, पण जाण्याइतकी ऊब येत नाही. अशा इंजिनात कॅमशाफ्ट सर्वांत वर असतो. आठवडाभरात त्याच्यावरचे तेल निथळून जाते, ओल राहते, गंज चढतो. बिचाऱ्यांनी काहीच केले नसते तर कदाचित कमी नुकसान झाले असते.

लहानपणी आपण सर्वांनी ते कोडे घातले आहे. भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडले? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. विमान का गंजले, याचेही उत्तर तेच.

म्हातारबाबांना आम्ही खरे ते सांगितले. ते बराच वेळ इंजिनाकडे पाहत राहिले. "मला वाटलं, मी त्याला जपतोय," एवढेच म्हणाले.

परतीच्या वाटेवर अडीच तास मी गाडी चालवत होतो आणि ही खिडकीबाहेर पाहत होती. मध्येच म्हणाली, "आपण मुलांना फोन कधी करतो हो?"

"दर रविवारी."

"किती वेळ?"

मी उत्तर दिले नाही. तिलाही ते ठाऊक होते.

दोन सीटा

शेवटी आम्ही घेतले ते १९६७ सालचे 'सेस्ना १५०'. आसने दोन, १०० अश्वशक्ती, वेग ताशी ११० मैलांच्या आसपास. १९५८ ते १९७७ या काळात या जातीची सुमारे २४ हजार विमाने निघाली आणि जगभरच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे यातच गिरवले. आमच्याचा रंग उडालेला, गालिचा विटलेला. पण मालक गणिताचे मास्तर, आणि वहीत जवळजवळ प्रत्येक शनिवारची नोंद. सिलिंडरांची दाबपरीक्षा झाली, ८० पैकी एकाचाही आकडा ७२ च्या खाली नव्हता. मेकॅनिक प्रथमच हसला. "हे कुरूप आहे," तो म्हणाला, "घेऊन टाका."

याचे वजनाचे गणित सोपे. भार २२७ किलो. आम्ही दोघे १४४. पूर्ण टाकीचे पेट्रोल ६१. उरले २२. त्यात एक पिशवी, एक थर्मास आणि चिवड्याचा डबा बसतो, पण डबा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून. आत जागा इतकी अरुंद की खांद्याला खांदा लागतो. घरच्या सोफ्यावर आम्ही दोन टोकांना बसतो. इथे तशी सोयच नाही.

पहिल्या लांबच्या फेरीला आम्ही ईरी सरोवरातल्या पुट-इन-बे या बेटावर गेलो. मोटारीने तीन तास आणि वर बोटीची वाट पाहायची, तिथे सव्वा तासात पोहोचलो. उडताना हिने माझ्या बाहीचे टोक धरून ठेवले होते. पाणी दिसू लागले तेव्हा सोडले आणि कागद काढून मला पुढच्या धावपट्टीची दिशा आणि उंची वाचून दाखवू लागली. आकड्यांवर तिचा माझ्याहून जास्त विश्वास आहे. आता नकाशा तिच्याकडेच असतो.

गेल्या दिवाळीत दोन्ही मुले घरी आली. चौघांनी एकदम उडणे आता शक्यच नव्हते. म्हणून एकेकाला नेले. मुलीने अर्ध्या वाटेत सुकाणू मागून घेतले आणि परत द्यायला तयार होईना. मुलगा पहिली वीस मिनिटे काहीच बोलला नाही. हेडफोनमध्ये फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मग शेतांकडे पाहत म्हणाला, "बाबा, सिएटलची नोकरी मी मे महिन्यातच सोडली. रविवारी फोनवर सांगायचं राहूनच जातं." मी मान हलवली आणि धावपट्टीकडे वळायचे होते तिथे न वळता सरळ गेलो. पेट्रोल पुष्कळ होते. तेल चांगले तापले होते. आम्ही आणखी तासभर उडलो.

तेव्हा कुणी विमान घ्यायचे म्हणत असेल, तर त्याला माझा एकच सल्ला आहे. स्वप्नातल्या माणसांसाठी घेऊ नका. शेजारी जो खरोखर बसणार आहे त्याच्यापुरते घ्या, आणि फिरवत राहा.

खर्चाचे विचाराल तर सौ.ची वही अजून चालू आहे आणि 'हौस' या सदरापुढचा आकडा दर महिन्याला वाढतो आहे. वडिलांचे म्हणणे खरे होते. बघायला पैसे पडत नाहीत. बाकी सगळ्याला पडतात.